शोकांतिकेचा पहिला अंक कसा वाचावा? ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ हाताशी घेऊन, टप्प्याटप्प्याने

कॉलेजच्या मुलांबरोबर किंवा हौशी नाट्यमंडळींबरोबर या नाटकाचा पहिला अंक वाचायला बसलं की एकच चूक पुन्हा पुन्हा होते. सगळ्यांना मेजवानीची रात्र गाठायची घाई असते. नोकरांचं भांडण भरभर उरकतात, दाईची बडबड कापून टाकतात, पॅरिस नावाचा तरुण कुणाच्या लक्षातही राहत नाही. मग उत्तरपत्रिकेत वाक्य येतं, ‘पहिल्या अंकात नाटककाराने प्रेम, संघर्ष आणि पात्रांची ओळख करून दिली आहे.’ वाक्य चुकीचं नाही, पण त्यातून काही हाती लागत नाही. ओळख कुठल्या क्रमाने करून दिली, आणि तोच क्रम का, हे त्यात कुठेच नाही.

या अंकात पाच प्रवेश आहेत. सगळं एका रविवारी घडतं, सकाळपासून रात्रीपर्यंत. ज्या दोघांच्या नावाने नाटक ओळखलं जातं, ते एकमेकांना भेटतात थेट पाचव्या प्रवेशात. आधीचे चार प्रवेश शेक्सपिअरने आपल्याला का थांबवून ठेवलं आणि त्या वेळात आपल्या हातात काय काय दिलं, हे सांगता आलं म्हणजे अंक वाचून झाला. खालचे टप्पे त्यासाठी आहेत. परीक्षेचं उत्तर लिहिणाऱ्याला ते उपयोगी पडतील, आणि तालमीला बसणाऱ्यालाही.

## तयारी

संहिता. ओळींना क्रमांक आणि खाली टिपा असलेली आवृत्ती घ्या. नाटक पहिल्यांदा छापलं गेलं १५९७ मध्ये, आणि आजच्या आवृत्त्यांचा मुख्य आधार १५९९ ची प्रत असते. शेक्सपिअरच्या नाटकांच्या १६२३ च्या मोठ्या संग्रहात सुरुवातीची प्रस्तावना छापलेली नाही. तुमच्या पुस्तकात ती नसेल तर दुसरी आवृत्ती शोधा, कारण पहिला टप्पा त्या चौदा ओळींवरच उभा आहे. मराठी अनुवाद जरूर सोबत ठेवा, पण मूळ इंग्रजी बाजूला उघडं असू द्या. यमक कुणी सुरू केलं आणि कुणी पुरं केलं, हे अनुवादात हमखास हरवतं. या अंकात तर सगळा जीव तिथेच आहे.

वही. पानावर चार रकाने आखा : प्रवेश, कोण बोललं, नवीन काय कळलं, आणि ते कुणाला कळलं. चौथा रकाना बहुतेक जण गाळतात. पुढे सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होतो.

वेळ. तीन बैठका ठेवा. पहिल्या बैठकीत सगळा अंक मोठ्याने, न थांबता वाचा. साधारण पाऊण तास लागेल. अर्थ अडला तरी पुढे जा. दुसरी बैठक वही भरण्याची. तिसरीत फक्त पाचवा प्रवेश.

> सावधान : सिनेमा आधी पाहून वाचायला बसू नका. दिग्दर्शक प्रवेशांची काटछाट करतो, मागचं पुढे आणतो. क्रमच शिकायचा असताना दुसऱ्याने बदललेला क्रम डोक्यात घेऊन बसलं तर शिकायचं काय?

## टप्पा १ : प्रस्तावनेत काय सांगून टाकलं, त्याची यादी करा

आपल्या संगीत नाटकाची सुरुवात नांदीने होते. मंगल शब्द, देवाला वंदन, प्रेक्षकांना नमस्कार. इथे कोरस, म्हणजे निवेदक, येतो आणि चौदा ओळींत शेवट सांगून टाकतो. व्हेरोनात दोन घराणी आहेत, दोन्ही तोलामोलाची. जुनं वैर पुन्हा उफाळलंय. त्या दोन वैऱ्यांच्या पोटी, ग्रहच उलटे असलेलं एक प्रेमी युगुल जन्माला आलंय. ते दोघं मरतील, आणि मुलांचा जीव गेल्याशिवाय आईबापांचं भांडण शमणार नाही.

म्हणजे पहिलं पात्र रंगमंचावर येण्याआधीच आपल्याला शेवट ठाऊक झालेला असतो. यामुळे वाचण्याची रीत बदलते. ‘पुढे काय होणार?’ हा प्रश्न उरत नाही. त्याच्या जागी ‘हे कसं होणार, आणि कुठे थांबवता आलं असतं?’ हा प्रश्न येतो. प्रत्येक प्रवेशाच्या समासात तोच लिहा.

ही प्रस्तावना सुनीत आहे, चौदा ओळींचं, ठरलेल्या यमकांचं. आत्ता फक्त एवढी नोंद करून ठेवा. पाचव्या प्रवेशात ती पुन्हा काढायची आहे.

> तपासा : वैराचं कारण काय दिलंय? दिलेलंच नाही. ‘जुनं वैर’ एवढंच. संपूर्ण नाटकात ते कुठेही उलगडत नाही. तरीही उत्तरांमध्ये जमीन, सत्ता, अपमान अशी कारणं आपल्या पदरची घातलेली मी अनेकदा पाहिली आहेत. तसं करू नका. कारण नसणं हाच या संघर्षाचा गुण आहे.

## टप्पा २ : भांडणाची शिडी पायरीपायरीने चढा

पहिला प्रवेश. कॅप्युलेटांचे, म्हणजे ज्युलिएटच्या घरचे, दोन नोकर, सॅम्प्सन आणि ग्रेगरी, ढाल-तलवारी घेऊन रस्त्यावर. शब्दांवर कोट्या करत चाललेत. कोळसा, राग, गळ्यातला फास, एका आवाजातून दुसरा शब्द. मराठीत या कोट्या जशाच्या तशा येत नाहीत, म्हणून हौशी प्रयोगात पहिलं कात्रीखाली जातं ते हेच. तसं झालं की संघर्षाचा पायाच उडतो.

इथे काय होतं ते जवळून बघा. ग्रेगरी म्हणतो, भांडण आपल्या मालकांचं आणि आपलं, त्यांच्या माणसांचं आहे. म्हणजे राग उसना आहे, मालकाच्या घरून आलेला. सॅम्प्सनच्या बढाईत लढाई आणि माँटेग्यूंच्या, म्हणजे रोमिओच्या घरच्या, मोलकरणींवर जबरदस्ती ही एकाच दमात येते. समोरून माँटेग्यूंची माणसं आली की हा अंगठा दाताला लावून अपमानाची खूण करतो. ‘आम्हाला उद्देशून करता का?’ असं विचारल्यावर तो हळूच ग्रेगरीला विचारतो, ‘हो म्हटलं तर कायदा आपल्या बाजूने आहे का?’ ग्रेगरी म्हणतो, ‘नाही.’ मग हा म्हणतो, ‘नाही हो, तुम्हाला उद्देशून नाही, पण अंगठा मात्र चावतोय.’

एका तालमीत सॅम्प्सनचं काम करणारा मुलगा हा सगळा भाग धावत म्हणायचा. त्याला सांगितलं, कायद्याचा प्रश्न विचारण्याआधी थांब, ग्रेगरीकडे बघ, मग विचार. पुढच्या वेळी खोलीतले सगळे आधी हसले आणि मग एकदम गप्प झाले. भांडणाची हौस आहे आणि शिक्षेची भीतीही आहे. या दोन्हींच्या मधल्या बोटभर जागेतून पुढे तलवारी बाहेर येतात.

आता वहीत शिडी काढा :

१. नोकर
२. घरातले तरुण : माँटेग्यूंकडचा बेन्व्होलिओ भांडण सोडवायला तलवार काढतो, कॅप्युलेटांकडचा टिबॉल्ट त्या उपसलेल्या तलवारीकडे बोट दाखवून म्हणतो, हातात तलवार आणि तोंडात शांतता? मला या शब्दाचाच तिटकारा आहे
३. दंडुके घेऊन आलेले गावकरी
४. म्हातारे कुटुंबप्रमुख : कॅप्युलेट घरच्या झग्यातच बाहेर येऊन लांब तलवार मागतो आणि त्याची बायको म्हणते, तलवार कसली मागता, कुबडी मागा
५. राजा एस्कलस

खालून वर, शहराचा एकेक थर या भांडणात ओढला जातो. रस्त्यावरच्या दोन माणसांपासून राजापर्यंत पोहोचायला काही मिनिटं पुरतात. रंगमंचावर एवढी गर्दी जमवण्याचं कारण तेच आहे. हे वैर कोणा दोघांपुरतं उरलेलं नाही, त्याबाहेर उभं राहायला गावात कुणालाच जागा नाही.

राजा काय बोलतो ते शब्दशः टिपून ठेवा. एका पोकळ शब्दावरून तीनदा रस्त्यात दंगल झाली, आता पुन्हा झाली तर जिवाने किंमत मोजावी लागेल. शोकांतिकेच्या सुरुवातीला असा एखादा नियम बहुधा असतोच. तो कुणी घातला, कुणासमोर घातला आणि मोडला तर काय, या तीन गोष्टी लिहून ठेवल्या की पुढचे अंक वाचताना ते पान पुन्हा पुन्हा उघडावं लागेल.

> सावधान : ‘रोमिओ माँटेग्यू, ज्युलिएट कॅप्युलेट, म्हणून संघर्ष’ एवढ्यावर थांबू नका. त्या भांडणात रोमिओ नाही. तो आला तेव्हा सगळं शांत झालेलं असतं, आणि रस्त्यावरच्या खुणा पाहून तो म्हणतो, ‘इथे काय झालं? नको, सांगू नका, सगळं ऐकून झालंय.’ त्या वैरात त्याचं मनच नाही. म्हणून तर पुढे ते त्याला गाठतं तेव्हा जास्त लागतं.

## टप्पा ३ : प्रत्येक पात्रासाठी एकच प्रश्न, चर्चा आधी की प्रवेश आधी?

पात्रपरिचय म्हटलं की विशेषणं सुटतात. रोमिओ हळवा, टिबॉल्ट तापट, रोमिओचा मित्र मर्क्युशिओ विनोदी. विशेषणांनी नट उभा राहत नाही, उत्तरालाही गुण मिळत नाहीत. त्याऐवजी बघा, या माणसाबद्दल आपण आधी ऐकतो की त्याला आधी पाहतो.

रोमिओबद्दल आधी ऐकतो. दंगल संपल्यावर आई विचारते, रोमिओ कुठाय? बेन्व्होलिओ सांगतो, पहाटेच्याही आधी झाडीत एकटा फिरताना दिसला. बाप सांगतो, रडतो, उजेड झाला की खोलीत जाऊन खिडक्या लावून घेतो, दिवसाढवळ्या स्वतःसाठी रात्र करून घेतो. आणि मग तो येतो. नऊ नुकतेच वाजलेत, आणि त्याला वाटतं, दिवस अजून एवढा लहान?

ज्युलिएटबद्दलही आधी ऐकतो, पण कसं? दुसऱ्या प्रवेशात तिचा बाप आणि पॅरिस तिच्या लग्नाची बोलणी करतायत. तिला अजून चौदा पूर्ण नाहीत, असं बापच सांगतो. आणखी दोन उन्हाळे जाऊ द्या, तिचं मन जिंका, माझी इच्छा म्हणजे तिच्या संमतीचा एक भाग, हेही तोच सांगतो. ती दिसते पुढच्या प्रवेशात. रोमिओची ओळख होते ती आईबापाच्या काळजीतून. ज्युलिएटची होते ती दोन पुरुषांच्या वाटाघाटीतून. हा फरक उत्तरात एका वाक्यात जरी आला तरी तपासणाऱ्याला कळतं की मुलाने संहिता वाचलीय.

टिबॉल्टबद्दल कुणी आधी बोलत नाही. तो येतोच तलवार काढून, आणि पहिल्याच बोलण्यात मरणाचा उल्लेख. मर्क्युशिओचं नाव आधी फक्त कॅप्युलेटच्या मेजवानीच्या पाहुण्यांच्या यादीत येतं. रोझलाइनचं उलटं. तिचं नाव येतं, रोमिओ तिच्यासाठी झुरतो, पण ती रंगमंचावर एक शब्दही बोलत नाही.

> तपासा : रोझलाइनचं नाव यादीत कसं लिहिलंय? कॅप्युलेटने तिला ‘माझी पुतणी’ या नात्याने बोलावलंय. म्हणजे रोमिओ ज्युलिएटला भेटण्याआधीही वैऱ्याच्याच घरातल्या मुलीवर भाळला होता, आणि त्याबद्दल तेव्हा कुणाला काही वाटलेलं दिसत नाही. हे तुमच्या वहीत आलं नसेल तर दुसरा प्रवेश पुन्हा वाचा.

> सावधान : तिसऱ्या अंकातला कॅप्युलेट पहिल्या अंकात आणू नका. इथे तो मुलीसाठी वेळ मागणारा बाप आहे. एवढ्या लवकर आया झालेल्या मुली फार लवकर कोमेजतात, असं तोच पॅरिसला सुनावतो. मेजवानीत टिबॉल्टला आवरतो तोही तोच. ‘क्रूर बाप’ असा शिक्का आधीच मारला तर पुढे त्याच्यात जो बदल होतो तो दिसणारच नाही.

## टप्पा ४ : खऱ्या प्रेमाआधी आलेली प्रेमं वेगळी काढा

चार प्रवेश थांबवून ठेवलं, ते यासाठी. पाचव्या प्रवेशातलं प्रेम ओळखता यावं म्हणून आधी प्रेमाच्या नावाखाली चालणारं बाकीचं सगळं आपल्यासमोर मांडलंय. वहीत एक नवं पान घ्या.

सॅम्प्सनच्या तोंडी प्रेम म्हणजे जबरदस्ती. ते पाहून झालं.

रोमिओच्या तोंडी ते म्हणजे शब्दांचा ढीग. शिशाचं पीस, उजळ धूर, थंड आग, आजारी आरोग्य. एकापाठोपाठ एक विरोधाभास. हे वाचताना मन हलत नाही, आणि हलू नयेच. रोझलाइन कशी हसते, काय बोलते, हे रोमिओ एका ओळीतही सांगत नाही. तो स्वतःच्या दुःखाबद्दलच बोलत राहतो. नटाने इथे मनापासून बोलायचंय, कारण रोमिओला ते खरंच वाटतंय. त्याची थट्टा करायला बेन्व्होलिओ आहे, नटाने करू नये.

पॅरिसचं प्रेम म्हणजे रीतसर मागणी. त्याचं बोलणं आधी बापाशी.

तिसऱ्या प्रवेशावर मात्र थांबा. मराठी वाचनात याची सगळ्यात जास्त काटछाट होते, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. आईला मुलीशी लग्नाबद्दल बोलायचंय. ती दाईला सांगते, जरा बाहेर जा, आम्हाला एकान्तात बोलायचंय. आणि लगेच, परत ये गं. आईला स्वतःच्या मुलीबरोबर एकटीने बोलता येत नाही, हे एवढ्या दोन वाक्यांत दिसतं. दाई मुलीचं वय तासापर्यंत सांगते. लॅमसच्या, म्हणजे १ ऑगस्टच्या सणाच्या आदल्या रात्री चौदा पुरी होतील. त्याला पंधरवडा आणि वर थोडे दिवस उरलेत. तिची स्वतःची मुलगी सुसान ज्युलिएटच्याच वयाची होती, ती देवाघरी गेली. भूकंपाच्या दिवशी, अकरा वर्षांपूर्वी, दाईने स्तनाला कडू औषध लावून ज्युलिएटचं दूध तोडलं. तेव्हा मालक आणि मालकीणबाई मँटुआला होते.

दाईची ‘बडबड’ ती हीच. त्यात एका मेलेल्या मुलीची आई दुसरीच्या मुलीला वाढवतेय, आणि खरी आई त्या दिवशी गावात नव्हती. ज्युलिएटला घरात मायेने जवळ घेणारं कोण आहे, याचं उत्तर इथे मिळतं. दाईच्या गोष्टीत नवऱ्याचा एक चावट विनोदही आहे, आणि ती तो पुन्हा पुन्हा सांगते. प्रेम म्हणजे शरीर, लग्न, मुलं, असं तिचं साधं गणित. आईचं गणित वेगळं. पॅरिसचा चेहरा म्हणजे पुस्तक, त्याला एक सुंदर वेष्टन हवं, ते तू हो.

या सगळ्यांत ज्युलिएट किती बोलते? मोजा. प्रवेशभरात फक्त पाच वेळा तोंड उघडते. लग्नाबद्दल विचारल्यावर तिचं उत्तर, ‘हा मान मी स्वप्नातही पाहिलेला नाही.’ शेवटी, बघेन, आवडून घेण्यासाठीच बघेन, पण तुमच्या संमतीचं बळ असेल तेवढीच नजर टाकेन. वाक्य अगदी आज्ञाधारक, आणि त्यात होकार कुठेच नाही.

चौथ्या प्रवेशात मर्क्युशिओ स्वप्नं आणणाऱ्या चिमुकल्या परीराणीचं लांबलचक वर्णन करतो. हेझलनटच्या टरफलाची गाडी, प्रेमिकांच्या मेंदूवरून धावणारी, मग सैनिकाच्या मानेवरून, तिथे त्याला गळे कापल्याची स्वप्नं. गंमत म्हणून सुरू झालेलं बोलणं काळवंडत जातं आणि रोमिओलाच म्हणावं लागतं, बस कर. प्रेमाला हसणारा माणूसही आतून शांत नाही, एवढं टिपून पुढे जा.

या प्रवेशातली आणखी एक वस्तू मात्र हरवू देऊ नका. सगळे नाचायला निघालेत, रोमिओ म्हणतो, माझं मन जड आहे, मला मशाल द्या, मी उजेड धरून उभा राहीन.

> तपासा : प्रवेशाच्या शेवटी रोमिओला कसली चाहूल लागते? ताऱ्यांमध्ये लटकत असलेलं काहीतरी या रात्रीच्या मौजेपासून सुरू होईल आणि माझं आयुष्य अकाली संपवेल, असं तो म्हणतो, आणि तरी आत जातो. ‘तारे’ हा शब्द प्रस्तावनेतही आला होता. दोन्ही ठिकाणी खूण करा.

## टप्पा ५ : मेजवानी ओळीओळीने वाचा

आता तिसरी बैठक. मोकळा वेळ काढून बसा.

पायरी १. सुरुवात पुन्हा नोकरांनी होते. ताटं उचला, स्टुलं सरकवा, हा कुठे गेला, तो कुठे गेला. अंक जसा नोकरांनी उघडला तसाच हा प्रवेश. पहिल्या वेळी नोकरांमागून तलवारी आल्या. आता संगीत येईल.

पायरी २. रोमिओ ज्युलिएटला पाहतो. एका नोकराला विचारतो, ती कोण? नोकर म्हणतो, ‘ठाऊक नाही.’ मग तो स्वतःशीच बोलतो, ही तर मशालींना जळायला शिकवतेय. मघाशी हातात मशाल घेऊन उभं राहायचं म्हणणारा माणूसच हे म्हणतो. तालमीत रोमिओच्या हातात खरोखरीची मशाल असू द्या आणि या ओळीला ती जराशी खाली येऊ द्या. दुसरं काही करावं लागत नाही.

पायरी ३. याच स्वगताची शेवटची ओळ संपते, खरं सौंदर्य मी आजवर पाहिलंच नव्हतं. आणि त्याच्या लगेच पुढची ओळ टिबॉल्टची आहे. ‘आवाजावरून हा माँटेग्यू दिसतो. पोरा, माझी तलवार आण.’

इथे थांबून मागचं पान पुन्हा वाचा. रोमिओचा चेहरा मुखवट्याआड आहे. टिबॉल्ट त्याला ओळखतो तो आवाजावरून, आणि तो आवाज त्या वेळी ज्युलिएटची स्तुती करत असतो. प्रेमाच्या शब्दांनीच वैऱ्याला पत्ता लागला. रोमिओला ज्युलिएटचं नाव कळण्याआधी टिबॉल्टला रोमिओचं घराणं कळतं. प्रेम आणि संघर्ष ‘एकत्र गुंफले आहेत’ असं सगळेच लिहितात. ते नेमके कुठे गुंफले आहेत ते दाखवायचं असेल तर ही जागा दाखवा.

पायरी ४. कॅप्युलेट टिबॉल्टला आवरतो. टिबॉल्ट जाता जाता म्हणतो, ही घुसखोरी आत्ता गोड वाटतेय, तिचं कडू विष होईल. तो आत जातो आणि लगेच रोमिओ ज्युलिएटचा हात धरतो. धमकी आणि पहिला स्पर्श यांच्यामध्ये एकही ओळ नाही. काही मंडळी इथे संगीत वाढवून अंतर निर्माण करतात. करू नका.

पायरी ५. आता पेन्सिल घेऊन यमकं मोजा. रोमिओच्या पहिल्या चार ओळी. माझे ओठ म्हणजे दोन यात्रेकरू, लाजून उभे. ज्युलिएटच्या चार. यात्रेकरूंनी मूर्तीच्या हाताला हात लावावा, तेच त्यांचं चुंबन. तिने त्याचीच प्रतिमा उचलली आणि त्याला थोपवलंही. पुढच्या सहा ओळी दोघांत वाटलेल्या, तो एक, ती एक, तो दोन, आणि शेवटच्या जोडीत यमकाचा पहिला शब्द तिचा, दुसरा त्याचा. चौदा ओळी पुऱ्या होतात आणि चुंबन.

चौदा ओळी. सुनीत. प्रस्तावनेत त्यांचं मरण ज्या छंदात सांगितलं गेलं, त्याच छंदात ते पहिल्यांदा एकमेकांशी बोलतात. म्हणून टप्पा १ मध्ये ती नोंद करून ठेवायला सांगितली होती.

आणि तिसऱ्या प्रवेशातली ज्युलिएट आठवा. आईसमोर पाच वेळा, मोजकं बोललेली. इथे ती त्याच्या प्रत्येक ओळीला तोडीस तोड उत्तर देते. ‘ज्युलिएट बुद्धिमान आहे’ असं कुणीही कुठे म्हणत नाही. तिच्या दोन प्रवेशांतल्या बोलण्यातल्या अंतरातून ते आपल्याला कळतं.

सुनीत संपल्यावर दोघं दुसरं सुरू करतात. चार ओळी होतात आणि दाई येते, ‘आईसाहेब बोलावतायत.’ दुसरं सुनीत तिथेच तुटतं.

> सावधान : मराठी अनुवादात या चौदा ओळींचा छंद राखलेला नसेल तर तालमीपुरता तुम्ही राखा. निदान ‘एकाने सुरू केलं, दुसऱ्याने पुरं केलं’ एवढं तरी ऐकू आलं पाहिजे. ते नसेल तर उरतं दोन अनोळखी मुलांचं घाईचं चुंबन, आणि मग प्रेक्षक विचारतो, एवढ्यात प्रेम झालं?

पायरी ६. शेवटी नावं कळतात, पण वेगवेगळ्या वाटांनी. रोमिओला दाई सांगते आणि तो म्हणतो, माझा जीव आता वैऱ्याकडे गहाण. ज्युलिएट मात्र हुशारीने विचारते. दारातून बाहेर पडणाऱ्या एकेकाकडे बोट दाखवते, तो कोण? हा कोण? आणि मग जणू सहज, नाचायला तयार नव्हता तो कोण? दाईला संशय येऊ नये म्हणून आधी दोघांची नावं विचारून घेतली. दाई चौकशीला जाते तेवढ्यात ती म्हणते, याचं लग्न झालेलं असेल तर माझं थडगं हीच माझी लग्नाची शेज. उत्तर येतं आणि तिच्या तोंडून निघतं, माझं एकुलतं प्रेम माझ्या एकुलत्या वैरातून उगवलं.

> तपासा : वहीतला चौथा रकाना काढा आणि अंकाच्या शेवटी काय स्थिती आहे ते लिहा. दोघांना एकमेकांची नावं ठाऊक. टिबॉल्टला रोमिओ आल्याचं ठाऊक आणि त्याच्या मनात सूड. आईबापाला पॅरिसचं प्रकरण मार्गी लागल्यासारखं वाटतंय. मर्क्युशिओ आणि बेन्व्होलिओला अजून रोझलाइनच डोक्यात. राजाचा नियम जागेवर. आणि शेवट फक्त प्रेक्षकाला ठाऊक. यातलं एखादं उत्तर अडलं तर त्या प्रवेशाकडे परत जा.

## टप्पा ६ : लिहिताना आणि तालीम बसवताना

उत्तर लिहिणाऱ्यांसाठी : ‘प्रेम’, ‘संघर्ष’, ‘पात्रे’ असे तीन वेगळे परिच्छेद पाडू नका. अंकात ते वेगळे नाहीत, तुमच्या उत्तरात वेगळे केले की टप्पा ५ मधल्या पायरी ३ सारखी जागा लिहायला कुठे जागाच उरत नाही. प्रवेशांच्या क्रमाने लिहा, प्रत्येक प्रवेशातली एकच वस्तू किंवा एकच ओळ घ्या, आणि ती आधीच्या कुठल्या गोष्टीला जोडली जाते ते सांगा. अंगठा, पाहुण्यांची यादी, दाईचं तोडलेलं दूध, मशाल, सुनीत. पाच प्रवेशांच्या पाच वस्तू पुरतात. कथानक सांगण्यात पहिलं पान घालवू नका, तपासणाऱ्याला ते ठाऊक असतं.

यादीवरून आठवलं, योगायोगाबद्दल लिहिताना जपून लिहा. कॅप्युलेटचा नोकर निरक्षर, आणि ती यादी वाचून द्या म्हणून तो रस्त्यात नेमका रोमिओलाच गाठतो. हे ‘नशीब’ म्हणून सोडून देऊ नका. मालकाने वाचता न येणाऱ्याच्या हातात यादी दिली, रोमिओने ती वाचली, बेन्व्होलिओने जायचा आग्रह केला, रोमिओ चाहूल लागूनही गेला. ताऱ्यांच्या बरोबरीने माणसांचे हातही त्यात आहेत.

तालीम बसवणाऱ्यांसाठी : कापायचंच असेल तर मर्क्युशिओचं लांब भाषण थोडं आवळा, पण नोकर आणि दाई यांना हात लावू नका. पहिल्या वाचनाला सगळे नट हजर असू द्या, ज्यांचं काम पहिल्या अंकात नाही तेही. प्रस्तावना दोनदा वाचून घ्या, एकदा अंक सुरू होताना आणि एकदा पाचव्या प्रवेशातल्या सुनीताच्या आदल्या क्षणी, वाचन थांबवून. मग लगेच रोमिओ आणि ज्युलिएटला त्यांच्या चौदा ओळी म्हणू द्या. प्रयोगात हे करायचं नाही, फक्त तालमीत, एकदाच. आधी कोरसच्या आवाजात, मग त्या दोघांच्या आवाजात, तोच छंद कानावर पडला की ज्युलिएटचं काम करणारी मुलगी हात पुढे करताना क्षणभर थबकते. तो थबका प्रयोगात ठेवा.